नव्या संस्कृतीत रुळतानाचा ताण आकड्यात कसा पकडतात?

माणूस दुसऱ्या देशात जातो, कॉलेज नाहीतर नोकरी सुरू होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं मार्गी लागलेलं दिसतं. भाषा येते, कामं होतात, परीक्षेत पासही होतो. तरी झोप उडालेली असते, चारचौघांत बोलायची वेळ आली की पोटात गोळा येतो, मागे कोणी हसलं की आपल्यालाच हसले असं वाटतं, आणि घरून फोन आला की उचलावासा वाटत नाही कारण उचलला की "सगळं छान चाललंय" म्हणावं लागतं. याला मानसशास्त्रात अ‍ॅकल्चरेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आपण साधं संस्कृतीबदलाचा ताण म्हणूया.

आता हा ताण मोजायचा कशाला, असं कोणी विचारेल. तर विद्यापीठाला ठरवायचं असतं की हजारभर परदेशी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे आधी लक्ष द्यायचं, दवाखान्यात आलेल्या निर्वासित बाईचं दुखणं नक्की कुठलं हे डॉक्टरला समजून घ्यायचं असतं, एखाद्या संस्थेने नव्याने आलेल्यांसाठी मदतीचा कार्यक्रम चालवला तर त्याने काही फरक पडला का हे बघायचं असतं. नुसतं "लोक बरे दिसतायत" म्हणून चालत नाही, कारण लोक बरे दिसायचा प्रयत्न करतच असतात. म्हणून आकडा लागतो. आणि हा आकडा कुठल्या मशीनमधून येत नाही, तो येतो प्रश्नावलीतून, म्हणजे वीस-तीस-चाळीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच, किती पटतं ते सांगा. ऐकायला फारच सोपं वाटतं. पण त्या वाक्यांमध्ये काय विचारलंय आणि काय विचारलेलं नाही, यावर पुढचं सगळं ठरतं, आणि माझ्या मते या विषयात खरी समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

थोडं मागे जाऊया. १९३६ मध्ये रॉबर्ट रेडफील्ड, राल्फ लिंटन आणि मेल्व्हिल हर्स्कोविट्स या तीन मानववंशशास्त्रज्ञांनी एक टिपण लिहिलं, त्यात म्हटलं की दोन वेगळ्या संस्कृतींचे गट सतत आणि थेट एकमेकांच्या संपर्कात आले की एका किंवा दोन्ही गटांच्या मूळ चालीरीतींमध्ये जे बदल होतात ते म्हणजे अ‍ॅकल्चरेशन. यात "किंवा दोन्ही" हे महत्त्वाचं आहे, म्हणजे बदलायचं फक्त आलेल्याने असं त्यांनी धरलंच नव्हतं. ताणाचा मुद्दा नंतर ठळक झाला. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरोमध्ये कल्चर शॉकवर, म्हणजे नव्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्यावर, भाषण दिलं, १९६० मध्ये ते छापून आलं आणि हा शब्द जगभर झाला, पण त्यांची मांडणी साधारण आजारासारखी होती, म्हणजे माणूस परदेशात गेला की त्याला हे होतं, मग लक्षणं दिसतात, मग बरा होतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी १९७० पासून वेगळी बाजू लावून धरली. त्यांचं म्हणणं असं की हा आजार नाही, हा ताण आहे. समोर आलेली परिस्थिती आपल्या आवाक्यातली आहे की नाही असं माणूस मनात तोलतो आणि आवाक्याबाहेरची वाटली की ताण येतो. त्यामुळे एकाच विमानाने, एकाच गावातून, एकाच कॉलेजात गेलेल्या दोघांचा ताण सारखा असेलच असं नाही.

हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ताण जर परिस्थितीतच असता तर नुसत्या घटना मोजून भागलं असतं. तसा प्रयत्न झालेला आहे, १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला वजन दिलं, जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, राहतं घर बदलणं २०. वर्षभरात काय काय घडलं त्याची बेरीज करायची की झालं. पण देश बदलताना घर बदलतं, काम बदलतं, मित्रमंडळी बदलतात, झोपायच्या वेळा बदलतात, आणि ही सगळी बेरीज केली तरी "मी वर्गात तोंड उघडलं की सगळे माझ्या उच्चाराकडे बघतात" ही गोष्ट कुठेच येत नाही. रोज दहा वेळा टोचणारी ही गोष्ट त्या यादीत बसतच नाही, कारण ती घटना नाही, वातावरण आहे.

सुरुवातीला ताण मोजायचा तर लक्षणांवरून मोजायचे. कॉर्नेल मेडिकल इंडेक्स नावाची १९५ प्रश्नांची एक जुनी आरोग्य प्रश्नावली होती, ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन कॉट यांनी त्यातून २० प्रश्न वेगळे काढले, निम्मे शरीराच्या तक्रारींचे आणि निम्मे चिडचिड, काळजी, उदासी याचे. बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच छोटी यादी कॅनडात वेगवेगळ्या गटांवर वापरली आणि १९८७ मध्ये सगळे निकाल एकत्र छापले. त्यात सगळ्यात जास्त ताण दिसला तो मूळनिवासी लोकांमध्ये आणि निर्वासितांमध्ये, शिकायला वगैरे थोड्या काळासाठी आलेले मधे, आणि स्वतःहून कायमचे स्थलांतरित झालेले खाली. जरा विचार करा, मूळनिवासी लोक तर कुठेच गेले नव्हते! दुसरी संस्कृती त्यांच्या दारात येऊन बसली होती. म्हणजे किती मैल लांब गेलात यापेक्षा तुम्हाला विचारून झालं की न विचारता, याचा ताणाशी जास्त संबंध दिसतो.

पण लक्षणांच्या यादीची अडचण उघड आहे. डोकं दुखतं, झोप लागत नाही, हे संस्कृती बदलल्यामुळे आहे की रात्रपाळीमुळे, की घरमालक त्रास देतो म्हणून, की चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून, हे त्या २० प्रश्नांतून कळायला काही मार्ग नाही. धूर आहे एवढं कळतं, आग कुठली ते नाही.

म्हणून १९८० नंतर कारणाला धरून प्रश्न विचारायची पद्धत आली. अमेरिकेत अमादो पदिया आणि सहकाऱ्यांनी सेफ नावाचं स्केल, म्हणजे गुण देणारी प्रश्नावली, केलं, त्या नावात सामाजिक, दृष्टिकोनाचा, कौटुंबिक आणि आजूबाजूच्या परिस्थितीचा असे ताणाचे चार भाग आहेत. आधी ते ६० वाक्यांचं होतं, मग १९८७ मध्ये २४ वाक्यांचं छोटं रूप आलं आणि तेच जास्त चाललं. यातली एक गोष्ट मला फार आवडते, प्रत्येक वाक्याला एक ते पाच असे गुण तर आहेतच पण "हे मला लागूच होत नाही" असंही म्हणता येतं आणि त्याला शून्य. छोटी गोष्ट वाटेल पण ज्याला मुलंबाळं नाहीत त्याला मुलांबद्दलच्या वाक्यावर जबरदस्तीने काहीतरी टिक करायला लावलं तर तो आकडा खोटाच की. त्याच सुमाराला रिचर्ड सर्वांतेस आणि सहकाऱ्यांनी हिस्पॅनिक स्ट्रेस इन्व्हेंटरी केली, म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठीची प्रश्नावली, तिच्यात प्रश्न दोन पायऱ्यांत येतो, आधी ही गोष्ट अलीकडे तुमच्याबाबतीत घडली का, आणि घडली असेल तर तिचा किती त्रास झाला. घडणं वेगळं आणि लागणं वेगळं, हे इथे नीट सुटं झालं.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं स्केल आहे १९९४ मधलं, दया संधू आणि बदिओला अस्राबादी यांचं. त्यात ३६ वाक्यं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण स्कोअर कमीत कमी ३६ आणि जास्तीत जास्त १८०. हे स्केल जरा उघडून बघूया कारण सगळी गंमत आत आहे. ३६ पैकी ८ वाक्यं आपल्याला भेदभाव सहन करावा लागतो असं वाटतं का याची, ४ घरच्या आठवणीची, ५ लोक आपला तिरस्कार करतात असं जाणवतं का याची, ४ भीतीची, ३ एकदम सगळं बदलल्याच्या धक्क्याची, २ अपराधीपणाची (आपण इकडे मजेत आणि घरचे तिकडे, अशा प्रकारचं) आणि उरलेली १० किरकोळ, कुठल्याच कप्प्यात न बसणारी.

आता दोन विद्यार्थी घ्या, दोघेही काल्पनिक. पहिलीचे गुण असे: भेदभाव १२, घरची आठवण १९, तिरस्कार ७, भीती ६, बदलाचा धक्का १३, अपराधीपणा १०, किरकोळ ३३. बेरीज १००. दुसऱ्याचे असे: भेदभाव ३४, घरची आठवण ८, तिरस्कार १९, भीती १३, बदलाचा धक्का ४, अपराधीपणा २, किरकोळ २०. बेरीज करून बघा, तीही १००.

कागदावर दोघं एकसारखी. पण पहिलीचा जीव घरात अडकलाय, तिला सोबत लागेल, बोलायला माणूस लागेल, घरच्यांशी अपराधीपणाबद्दल मोकळं बोलता आलं तर फार फरक पडेल, आणि यातलं बरंचसं वेळ जाईल तसं हलकं होतं. दुसऱ्याला घरची आठवण फारशी येतच नाही, तो नव्या जागेत सरावलाय सुद्धा, त्याचा त्रास असा आहे की त्याच्याशी लोक वाईट वागतायत. त्याला कौन्सेलरकडे पाठवून दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं तर काय होणार आहे? त्याच्या बाबतीत बदलायला हवंय ते हॉस्टेल, तो विभाग, तिथले नियम आणि तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा. नुसती टोटल बघणारा माणूस या दोघांना एकाच रांगेत उभं करतो, म्हणजे मार्कशीटवर विषय झाकून फक्त टक्के वाचल्यासारखं.

आणि जरा हिशेब करा, भेदभावाची ८, तिरस्काराची ५, भीतीची ४ मिळून १७ वाक्यं होतात, म्हणजे ३६ पैकी जवळजवळ निम्मी. ही वाक्यं जितकी त्या विद्यार्थ्याच्या मनाबद्दल आहेत तितकीच त्याच्या आजूबाजूच्या लोकांच्या वागण्याबद्दल आहेत. तरी आपण बोलताना काय म्हणतो, "या विद्यार्थ्याचा अ‍ॅकल्चरेटिव्ह स्ट्रेस जास्त आहे", जणू त्याच्यातच काहीतरी कमी आहे, त्याला जुळवून घेता येत नाही. मला हे मनापासून खटकतं. स्कोअर त्याच्या नावावर लिहिला जातो, पण निम्मा स्कोअर यजमान समाजाचा असू शकतो. हे रिसर्च करणाऱ्यांना माहीत नाही असं नाही, मानसशास्त्रज्ञ फ्लॉइड रडमिन यांनी २००० नंतर या सगळ्या मोजमापावर कडक टीका केली आणि त्यातला एक मुद्दा हाच होता की भेदभावाचा त्रास आणि संस्कृती शिकण्याचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात कोंबल्या जातात.

दुसरी बाजू अजून नाजूक आहे. ताण फक्त नव्या लोकांकडून येतो असं नाही, आपल्या माणसांकडूनही येतो. २००२ मध्ये नोर्मा रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या प्रौढांसाठी एक स्केल छापलं ज्यात चार वेगळे कप्पे आहेत: इंग्रजी नीट येत नाही याचा दबाव, स्पॅनिश नीट येत नाही याचा दबाव, इथल्यासारखं व्हा हा दबाव, आणि इथल्यासारखं होऊ नका हा दबाव. शेवटचा कप्पा आधीच्या बऱ्याच स्केलमध्ये नीट नव्हताच. तिकडे जन्मलेल्या मुलांचं बघा, शाळेत ती पुरेशी इथली नाहीत आणि घरी नातेवाईक आले की पुरेशी आपली नाहीत, आजीशी बोलताना अडखळली की सगळे हसतात. अशा मुलीला जर फक्त "नवी भाषा बोलताना अवघडल्यासारखं होतं का" असं विचारलं तर ती नाही म्हणेल, स्कोअर कमी येईल, आणि आपण म्हणू की हिला काही त्रास नाही. तिचा त्रास आपल्या प्रश्नावलीत नव्हता, एवढंच झालेलं असतं.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. जमणं आणि बरं वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडमधल्या कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार स्पष्ट मांडलं: एक, तुम्हाला नव्या जागेत कामं करता येतात का, म्हणजे रांगेत कसं उभं राहायचं, नाही कसं म्हणायचं, प्राध्यापकाशी कसं बोलायचं, आणि दोन, तुम्हाला आतून कसं वाटतंय. पहिली गोष्ट शिकण्याची आहे, ती सरावाने वाढत जाते. दुसरी वर-खाली होत राहते आणि तिचा संबंध स्वभाव, आधार आणि आयुष्यात चाललेल्या इतर गोष्टींशी जास्त असतो. त्यामुळे सगळं झकास जमणारा माणूस आतून पार खचलेला असू शकतो आणि रोज चुका करणारा मजेत असू शकतो. दोन्हींसाठी वेगळी स्केलं आहेत आणि एकाच्या जागी दुसरं वापरलं की निष्कर्ष चुकतो.

आता वेळेचं. तुम्ही तो यू आकाराचा ग्राफ कुठेतरी पाहिला असेल, सुरुवातीला हनिमून, मग घसरण, मग हळूहळू वर. तो येतो १९५५ मध्ये छापलेल्या स्वेर लिसगार्ड यांच्या अभ्यासातून, अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेच्या २०० फुलब्राइट स्कॉलरांवरचा, म्हणजे फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळालेल्यांवरचा. त्यात ६ ते १८ महिने राहिलेले लोक सगळ्यात कमी रुळलेले दिसले, त्याहून कमी किंवा जास्त राहिलेले बरे. पण लक्षात घ्या, ही वेगवेगळी माणसं होती, एकाच माणसाला पुन्हापुन्हा विचारून काढलेली ती रेषा नव्हती. पुढे वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या ३५ जपानी विद्यार्थ्यांना आल्या आल्या, मग ४, ६ आणि १२ महिन्यांनी विचारलं, १९९८ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात हनिमून वगैरे काही निघालं नाही, उलट त्रास अगदी सुरुवातीलाच सगळ्यात जास्त होता आणि मग कमी होत गेला. ३५ हा काही मोठा आकडा नाही, मान्य, पण "पहिले दोन महिने मजेचे असतात" असं गृहीत धरून मदतीचं काम उशिरा सुरू करणाऱ्यांनी हे वाचायला हवं. शिवाय ज्यांना अजिबात झेपलं नाही ते मधेच परत जातात, मग वर्षाच्या शेवटी फॉर्म भरायला उरतात ते टिकलेलेच, आणि सरासरी आपोआप छान दिसायला लागते.

स्केलच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तर आणखी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतात. वाक्यं एकमेकांशी सुसंगत आहेत का याचं एक माप असतं, क्रोनबाख अल्फा, ते साधारण ०.७० च्या वर असलं की लोक समाधान मानतात. पण सुसंगत असणं म्हणजे योग्य असणं नव्हे, एकच चुकीचा प्रश्न दहा प्रकारे विचारला तरी अल्फा मस्त येतो. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे वेगवेगळ्या गटांमध्ये "४" चा अर्थ सारखा आहे का. काही समाजांत टोकाचं उत्तर द्यायचं नसतं, सगळे २ ते ४ मध्ये राहतात, काही ठिकाणी समोरच्याला हो म्हणणं हाच शिष्टाचार असतो. आणि माणूस स्वतःची तुलना कोणाशी करतोय तेही असतं, युद्धातून पळून आलेला माणूस "मला फार त्रास नाही" म्हणतो तेव्हा तो त्याच्या मागे राहिलेल्या भावाशी तुलना करत असतो, वर्गातल्या मित्राशी नाही. त्यामुळे दोन गटांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून "हे लोक त्यांच्यापेक्षा जास्त ताणात" असं म्हणण्याआधी स्केल दोन्हीकडे सारखंच चालतं का हे आकडेशास्त्राने तपासावं लागतं, आणि खूपदा ते तपासलेलं नसतं.

भाषांतराचंही तसंच. नेहमीची पद्धत म्हणजे एकाने प्रश्नावली दुसऱ्या भाषेत न्यायची आणि मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ती परत आणायची, मग दोन्ही ताडून बघायच्या. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत नीट मांडली. उपयोगी आहे, पण वाक्य बरोबर आलं तरी अनुभव तसाच सांगितला जातो असं नाही. आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधल्या हुनान प्रांतात केलेला आणि १९८२ मध्ये छापलेला अभ्यास प्रसिद्ध आहे, अशक्तपणा, डोकेदुखी, झोप न येणं अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना नैराश्याचे निकष लागू पडत होते, पण ते स्वतः मनाची तक्रार घेऊन आलेलेच नव्हते. अशा माणसांना फक्त "उदास वाटतं का" विचारलं तर उत्तर नाही येईल आणि ते खोटं बोलतायत असंही नाही.

मग काही जण म्हणतात की प्रश्नच नकोत, सरळ शरीर मोजा. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, मोजता येतं, पण ते दिवसभरात वर-खाली होतं, सकाळी उठल्यावर वाढतं आणि रात्री उतरतं, त्यामुळे एका नमुन्यावर काही बोलता येत नाही. केसातलं कॉर्टिसॉल जास्त सोयीचं, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाकडच्या तीन सेंटिमीटरमध्ये गेल्या तीनेक महिन्यांचा अंदाज मिळतो. रक्तदाब, साखर, कमरेचा घेर, सूज दाखवणाऱ्या चाचण्या असं एकत्र करून दीर्घ ताणाने शरीराची किती झीज झाली तेही बघतात, ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये मांडलेली ही कल्पना. पण शरीर कारण सांगत नाही. आपण परत त्या डोकेदुखीच्या यादीपाशी येतो, फक्त आता ती महाग झालेली असते. शिवाय फार काळ ताण राहिला तर कॉर्टिसॉल काही जणांत वाढलेलं नव्हे तर कमी झालेलं सापडतं, म्हणजे कमी आकडा दिसला की निश्चिंत व्हायचं असंही नाही. माझ्या मते शरीराची मापं प्रश्नावलीच्या सोबत ठेवायला ठीक, तिच्या जागी नाही.

एक शंका चांगला वाचक नक्की काढेल, की हा ताण खरंच संस्कृतीचा कशावरून? घर सोडून पहिल्यांदा एकटा राहणारा कुठलाही विद्यार्थी पहिल्या वर्षी रडतो. शंका बरोबर आहे आणि याला उत्तर एकच, तुलनेसाठी दुसरा गट हवा: त्याच देशात, त्याच भाषेत, पण दुसऱ्या गावाहून आलेले विद्यार्थी. दोन्ही गटांना सर्वसाधारण ताणाचं स्केल द्यायचं, उदाहरणार्थ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांचं १९८३ चं, जे गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का असं विचारतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात ताण किती जास्त आहे ते बघायचं. तो वरचा फरक म्हणजे संस्कृतीचा वाटा, निदान त्याच्या जवळपास. पुष्कळ अभ्यासांत असा गट नसतोच. आणि मग "संस्कृतीबदलाचा ताण जास्त तर नैराश्य जास्त" असे निष्कर्ष येतात, पण दोन्ही प्रश्नावल्या उघडल्या तर दोन्हीकडे उदास वाटतं, एकटं वाटतं अशीच वाक्यं दिसतात, मग संबंध निघणारच ना, एकच गोष्ट दोनदा विचारली आहे!

तुलना कोणाशी हे किती महत्त्वाचं ते दाखवणारा एक निकाल सांगतो. विल्यम वेगा आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांचा अभ्यास केला, १९९८ मध्ये छापला. मेक्सिकोतून आलेल्यांमध्ये आयुष्यात कधीतरी मानसिक विकार झाल्याचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या जवळपास निम्मं निघालं. म्हणजे देश बदलण्याचा धक्का ज्यांनी घेतला तेच जास्त धडधाकट. याची कारणं अजून वादात आहेत, मजबूत माणसंच निघून येतात हे एक, घरचा आधार सोबत आणतात हे दुसरं, आणि पुढच्या पिढीला भेदभाव जास्त लागतो कारण ती हा देश आपलाच मानते, हे तिसरं. पण एवढं नक्की की "जितकं जास्त मिसळाल तितकं बरं वाटेल" हे सरळ गणित लागू पडत नाही.

तुमच्यापुढे किंवा तुमच्या ओळखीच्या कोणापुढे असा फॉर्म आला तर आधी एक विचारून घ्या, हे उत्तर कोण बघणार. ज्याचा व्हिसा त्या संस्थेवर अवलंबून आहे तो त्याच संस्थेने दिलेल्या फॉर्मवर "इथे माझ्याशी वाईट वागतात" असं खरंखुरं कसं लिहील? नाव नसलेला फॉर्म आणि बाहेरच्या माणसाने गोळा केलेला फॉर्म यात उत्तरं जास्त मोकळी येतात. फॉर्म आपल्या भाषेत मिळत असेल तर आपल्या भाषेतच भरा. भरल्यावर एकूण स्कोअर सांगितला तर कप्प्यांचे गुण मागून घ्या, ते काढणं काही अवघड नाही. अमुक आकड्याच्या वर धोका, खाली ठीक, अशी सगळीकडे चालणारी पक्की रेषा यातल्या बहुतेक स्केलना नाही, त्यामुळे आकडा ऐकून घाबरू नका, आणि कमी आकडा ऐकून स्वतःच्या त्रासाला खोटं ठरवू नका. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर मात्र स्केल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, तिथे गुणांची वाट बघायची नसते.

आणि तुम्ही फॉर्म देणाऱ्या बाजूला असाल, म्हणजे विद्यापीठात, संस्थेत, कंपनीच्या एचआरमध्ये, तर आल्या आठवड्यातच एकदा द्या, मग सहा महिन्यांनी तोच फॉर्म त्याच भाषेत परत द्या आणि मधे सोडून गेलेल्यांनाही शोधून विचारा. घरच्या आठवणीचे गुण सहा महिन्यांत उतरले आणि भेदभावाचे चढले, असं दिसलं, तर पुढची मीटिंग विद्यार्थ्यांची बोलावू नका, स्टाफची बोलवा.